गंजगोलाईतलं खेळण्यांचं दुकान: माल चांगला, भाव रास्त, पण "मुलगा का मुलगी" विचारणं आता बंद करा

लातूरला गंजगोलाईत खेळण्यांची जी दुकानं आहेत त्यातल्या एका दुकानाबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही, कारण जे लिहायचंय ते त्या एकट्या दुकानाला लागू नाही, आणि मालक माणूस चांगला आहे, त्यांचं गिऱ्हाईक तुटावं असं मला बिलकुल वाटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वर्गात खेळण्यांचा एक कोपरा करायचा ठरलं, गावातल्या पालकांनी थोडी वर्गणी दिली, थोडे आम्ही शिक्षकांनी घातले आणि खरेदी माझ्याकडं आली. पुढं भाचीच्या वाढदिवसाचं पण तिथूनच घेतलं. म्हणजे दुकान बघितलं, माल बघितला आणि लेकरं त्या मालाचं काय करतात ते पण रोज बघते, म्हणून म्हणलं नीट लिहावं.

आधी चांगलं सांगते. दुकान बाहेरून एवढंसं दिसतंय पण आत लांबलचक आहे, वर माळा आहे, आणि मागितलेली वस्तू पोरगं माळ्यावरून दोन मिनिटात काढून देतंय. प्लास्टिकचा माल तर सगळीकडंच मिळतो, इथं लाकडी भोवरे, लगोरी, सागरगोटे, लाकडी भातुकली हे पण मिळतं, पोळ्याच्या आधी लाकडी बैल येतात. पक्कं बिल देतात, शाळेला बिल लागतंच. आणि मोठ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क दाखवून देतात, हे लई महत्त्वाचं आहे, कारण 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात 14 वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यांना तो मार्क सक्तीचा आहे आणि तरी बाजारात बिनामार्काचा, हातात घेतला की रंगाचा वास येणारा माल ढिगानं पडलेला असतो. इथं पण काउंटरवरच्या 20-30 रुपयांच्या बारीक वस्तूंवर मार्क दिसला नाही, तेवढं बघून घ्या.

आता मुद्द्यावर येते. दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "या मॅडम, मुलासाठी का मुलीसाठी?" वय नंतर. बजेट नंतर. लेकराला काय आवडतंय हे तर विचारलंच नाही. मी म्हणलं काका, वर्गासाठी पाहिजे, सगळ्या लेकरांना. तर ते लगेच म्हणले, "मग अर्धं मुलांचं काढू अन अर्धं मुलींचं." आणि खरंच दुकानाचे दोन भाग आहेत. डाव्या भिंतीला निळं, काळं, लाल: गाड्या, ट्रॅक्टर, जेसीबी, बंदुका, बॅट-बॉल, रोबोट. उजव्या भिंतीला वरपासून खालपर्यंत गुलाबी: बाहुल्या, किचन सेट, मेकअपचा डबा, मण्यांच्या माळा, छोटी झाडू-सुपली. एवढ्यावर राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण नीट बघा, सायन्स किट, जोडायचे ब्लॉक, दुर्बीण, चुंबकाचे खेळ, पझल हे सगळं पण डाव्या भिंतीला. हे कुणी ठरवलं? मालकांना विचारलं तर म्हणले कंपनीचा माणूस तसं लावून गेला. त्या माणसाला कुणी सांगितलं माहिती नाही, पण त्या भिंतीपुढं उभं राहिलेल्या सहा वर्षांच्या लेकराला मात्र एका नजरेत कळतंय की आपल्याला कुठल्या भिंतीकडं जायचंय.

रंगाचं तर काही खरंच नसतंय. 1918 साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकात लिहिलेलं होतं की गुलाबी हा ठसठशीत, जोमदार रंग आहे म्हणून तो मुलांना, आणि निळा नाजूक म्हणून तो मुलींना. म्हणजे शंभर वर्षांत उलटं झालं. आपल्याकडं तरी कुठं होतं हे? लग्नात फेटे गुलाबी असतात, म्हातारे वारकरी, शेतकरी गुलाबी पटका बांधतात, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. पण चार वर्षांच्या पोरानं गुलाबी पाण्याची बाटली घेतली की आख्खं घर हसतंय.

आणि "मुलगा का मुलगी" हा प्रश्न मराठवाड्यात साधा नाही हो. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं मुली फक्त 807 होत्या, 2001 ला 894 होत्या. दहा वर्षांत एवढी घसरण. सोनोग्राफीच्या प्रत्येक सेंटरवर पाटी आहे की इथं गर्भलिंग निदान होत नाही, 1994 चा कायदा आहे त्याला. एका ठिकाणी तो प्रश्न विचारणं गुन्हा आहे आणि जन्म झाला की पाळण्यापासून पुढं प्रत्येक काउंटरवर सगळ्यात आधी तोच प्रश्न. मी दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालत नाहीये, पण मुलगी म्हणजे वेगळा माल, वेगळा हिशोब ही सवय कुठंतरी लहानपणीच लागते आणि ती आपणच लावतो.

दुकानात माल बांधून होईपर्यंत मी बसून होते तेव्हा जे बघितलं ते सांगते. एक कुटुंब आलं, आईवडील, आजी आणि साडेतीन-चार वर्षांचं पोरगं. पोरगं सरळ उजव्या भिंतीकडं गेलं आणि स्टीलच्या किचन सेटातला कुकर उचलला. झाकण लावायलंय, काढायलंय, तोंडानं शिट्टी मारायलंय, इतकं रंगून गेलतं की बघत राहावं. वडील आले, "आरं ते पोरीचं हाय, सोड." पोरगं म्हणलं, "मला कुकर पायजे." आजी म्हणली, "बाळा, तू काय सासरी जाणारेस का सयपाक करायला?" सगळे हसले. काउंटरवरचं पोरगं पण हसलं. वडिलांनी हातातून कुकर काढून वरच्या फळीवर ठेवला, आणि काउंटरवरच्या पोरानं तेवढ्यात रिमोटचा जेसीबी फरशीवर सोडला, लाईट लागले, भोंगा वाजला. पोरगं एक मिनिट वर फळीकडं बघत होतं, मग जेसीबीकडं गेलं. आई काही बोलली नाही, तिनं फक्त एकदा त्या कुकरकडं बघितलं. 150 चा कुकर सोडून 900 चा जेसीबी घेऊन गेले.

यात कुणी वाईट नव्हतं. वडील रागावले पण नाहीत, आजी तर मायेनंच बोलत होती. पण त्या लेकराला काय कळलं असेल? की मला जे आवडलं ते सगळ्यांना हसण्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी ते हात लावणारच नाही, आणि मग हेच लोक सांगतील, "बघा, पोरांना जन्मतःच गाड्या आवडतात." खेळण्यांच्या लेगो कंपनीनं 2021 ला सात देशांतल्या पालकांचा आणि लेकरांचा सर्व्हे करून घेतला होता, त्यात 71 टक्के मुलांनी सांगितलं की मुलींची समजली जाणारी खेळणी घेतली तर लोक हसतील अशी भीती वाटते. मुलींमध्ये उलट बाजूनं ही भीती 42 टक्के. म्हणजे पोरांवरचा पहारा जास्त कडक आहे, हे आपण बोलतच नाही. मुलगी ट्रॅक्टर चालवायली तर कौतुक तरी होतंय, पेपरात फोटो येतोय, पोरगं बाहुलीला अंघोळ घालायलं की घरचे काळजीत पडतात.

दुसरं एक बघितलं. साधारण सात वर्षांची मुलगी पझलचा मोठा डबा घेऊन उलटापालटा करून बघत होती, मागं भारताचा नकाशा होता, तुकडे लई होते. दुकानातला पोरगा तिच्या आईला म्हणला, "वहिनी, ते अवघड जातंय मुलींना, परत आणून देतात, मण्यांचा सेट बघा की." मला राहवलं नाही म्हणून विचारलं, बाळा, मुलांच्या घरून परत येत नाही का? तो म्हणला, "येतंय की मॅडम." मग? तर काही उत्तर नाही. 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात पाच वर्षांच्या मुली "लई हुशार माणूस" म्हणलं की आपल्यासारखीच बाई निवडत होत्या, मुलं मुलगे निवडत होते तसंच. सहा-सात वर्षांच्या झाल्या की मुली तसं कमी करायला लागल्या, आणि "हा खेळ लई हुशार लेकरांसाठी आहे" असं सांगितलं की त्या खेळात त्यांचा रस पण कमी झाला. सहा म्हणजे माझी पहिली. माझ्याकडं येतात तेव्हाच हे व्हायला सुरुवात झालेली असते, आणि वर्गात गणिताच्या वेळी हात वर करणारी मुलगी दिवाळीनंतर हात खाली ठेवायला लागते ते मी डोळ्यानं बघते. म्हणून असं एखादं वाक्य ऐकलं की मला अंगावर काटा येतो, बोलणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी.

दुकानाबाहेर बसून चालवायच्या बॅटरीच्या गाड्या आणि तीन चाकी सायकली ठेवलेल्या असतात, मालक लेकरांना फिरवून बघू देतात, पैसे घेत नाहीत, हे मला मनापासून आवडलं. पण तिथं पण तेच. मुलगा बसला की "चालव, चालव, जोरात." मुलगी बसली की आई एका हातानं हँडल धरून, "हळू गं, पडशील." न्यूयॉर्कमध्ये 2000 साली एक प्रयोग झाला होता, 11 महिन्यांची रांगणारी लेकरं आणि एक उतरती फळी. आयांना विचारलं तुमचं लेकरू किती उतार उतरू शकेल. मुलांच्या आयांनी जास्त सांगितलं, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात उतरवून बघितलं तर मुलं-मुलींत काहीच फरक नव्हता. अकरा महिन्यांचं लेकरू, ज्याला बोलता पण येत नाही, त्याच्याबद्दल आपण आधीच ठरवून बसतो. त्याच्याही आधीचा, 1976 चा एक प्रयोग आहे, एकाच बाळाचा व्हिडिओ लोकांना दाखवला, डब्यातून बाहुलं उडी मारून बाहेर येतंय आणि बाळ रडायलंय. ज्यांना सांगितलं हा मुलगा आहे ते म्हणले चिडलाय, ज्यांना सांगितलं मुलगी आहे ते म्हणले घाबरली. बाळ तेच, रडणं तेच. मला हे वाचल्यापासून वर्गात कुणी रडलं की आधी स्वतःला विचारते की मी काय धरून चाललेय.

खेळाच्या सामानाचं पण सांगायला पाहिजे. बॅट-बॉलचा सेट मागितला तर काउंटरवरून परत विचारणा, "मुलींना रिंग देऊ का मॅडम, हलकी असती." अहो, धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कॅप्टन होती, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला तिला, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली पोरगी. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मुली खो-खो खेळतात तेव्हा खांबाला वळसा घालताना बघायला या एकदा. हलकं कशाला पाहिजे त्यांना?

आता घेतलेल्या मालाचा खरा रिव्ह्यू, वर्गात लेकरांनी वापरल्यावरचा.

स्टीलचा किचन सेट, 450 ला पडला. कुकर, कढई, झारा, पोळपाट-लाटणं, ताटं-वाट्या. मजबूत आहे, कडा घासलेल्या आहेत, बोट कापत नाही. प्लास्टिकचा पण एक घेतला होता 220 ला, तो घेऊ नका, गॅसची बटणं निघून आली आणि कुकरचा दांडा मोडला. मी एक केलं, सगळ्या खेळण्यांचे खोके घरी ठेवले आणि वस्तू नुसत्या टोपलीत घालून वर्गात मांडल्या. कारण खोक्यावर फोटो असतोय. किचन सेटवर गुलाबी फ्रॉकवाली मुलगी, ट्रॅक्टरवर टोपीवाला मुलगा, डॉक्टर सेट दोन आले तर एका निळ्या डब्यावर मुलगा डॉक्टर आणि दुसऱ्या गुलाबीवर मुलगी नर्सची टोपी घालून, आत सामान बघितलं तर स्टेथोस्कोप, सुई, थर्मामीटर सगळं सेम टू सेम. वाचता न येणारं लेकरू पण फोटो वाचतंय. खोका काढला आणि पहिल्या दिवशी चुलीपाशी कोण गेलं असेल? मुलंच जास्त. एका मुलाचे वडील लग्नकार्यात आचारी म्हणून जातात, त्यानं कढई पुढं घेतली, झारा दोन्ही हातानं धरला आणि असा ढवळायला लागला की बाकीची लेकरं पंगत करून बसली. "मीठ बघा रे कुणी," म्हणून ओरडायलाय. वाढायला दोन मुली आणि एक मुलगा, पंगतीत सगळे. मला ते बघून इतका आनंद झाला. आणि विचार करा, आपल्याकडं लग्नात हजार माणसांचा सयपाक करणारे आचारी पुरुष, हॉटेलातले भजे-जिलेबीवाले पुरुष, चहाच्या टपरीवर पुरुष, लेकरं हे रोज बघतात. पैसे मिळत असले की सयपाक पुरुषाचं काम, आणि घरात फुकट करायचा असला की बाईचं, आणि खेळण्यातला म्हणलं की उजवी भिंत. 2019 ला केंद्र सरकारनं माणसाचा दिवस कशात जातो याचा देशभर सर्व्हे केला होता, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता आणि जे पुरुष करतात त्यांचा 97 मिनिटं. करणारे पुरुष पण शंभरात 26 च. हे 26 चे 60 व्हावेत असं वाटत असेल तर चार वर्षांच्या पोराच्या हातातून कुकर काढून घेऊन कसं होणार?

ट्रॅक्टर-ट्रॉली, 380 रुपये, दुकानातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणलं तरी चालेल. चाकं रबराची, ट्रॉली पलटी होती, मातीत चालवली तरी काही झालं नाही. या ट्रॅक्टरवर माझ्या वर्गातली एक मुलगी हक्क सांगून बसली. तिचे आईवडील दरवर्षी उसतोडीला जातात. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, उसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्या जोडीला मिळून असतात, म्हणजे बाई तिथं अर्धा फड तोडते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरमध्ये भरते. ही मुलगी आजीजवळ राहते आणि धाकट्या भावाला सांभाळते, सकाळी त्याला तयार करून अंगणवाडीत सोडून मग वर्गात येते. मी घेतलेली बाहुली तिला मोठ्या कौतुकानं दिली तर तिनं घेतली, बघितली आणि शेजारच्या मुलाला दिली. तिला बाळ सांभाळायचा खेळ नको होता, ते ती घरी खरंखुरं करतेच. तिनं ट्रॅक्टर घेतला, ट्रॉलीत खडू भरले आणि "कारखान्याला चाललाव" म्हणत वर्गभर फिरली. दुकानात विचारलं असतं तर तिला उजव्या भिंतीची बाहुलीच मिळाली असती आणि सगळ्यांना वाटलं असतं की किती योग्य वस्तू दिली.

बाहुली ज्या मुलाला दिली त्यानं तिला रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली, त्याच्या घरी बहीण झालीय नुकतीच. पण शाळा सुटताना एक पालक खिडकीतून बघत होते, ते म्हणले, "बाई, पोरांना हे काय शिकवायलात." मी त्यांना आत बोलावलं आणि दुसरीचं पुस्तक दाखवलं. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली, आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडायलेत असं चित्र दिलं, बाई डॉक्टर दाखवली. त्यावर तेव्हा लई चर्चा झाली होती. सरकारी पुस्तकात आहे म्हणल्यावर ते थोडे नरमले. मग म्हणले, "बाळ सांभाळायचं तर मी पण सांभाळतो की बाई घरी, फक्त बाहेर सांगत नाही." मला वाटतं लई बाप असेच आहेत, करतात पण सांगत नाहीत, आणि लेकराला मात्र जे सांगितलं जातं तेवढंच खरं वाटतंय. बाहुलीचं म्हणाल तर 300 ला ठीक आहे, हातपाय फिरतात, पण सगळ्या बाहुल्या गोऱ्यापान आणि सोनेरी केसांच्या, आमच्या वर्गातल्या एकाही लेकरासारखी दिसणारी एक पण मिळाली नाही. सावळी, काळ्या केसांची बाहुली मालकांनी शोधून आणावी, मी दोन घेईन.

ब्लॉकचा डबा घ्याच. 600 ला मोठा मिळाला, पक्के बसतात, रंग जात नाही, आणि वर्गात मुलं-मुली एकत्र जेवढं ब्लॉकशी खेळतात तेवढं दुसऱ्या कशाशीच नाही. मेकअपचा डबा घेतला नाही, तो मुलींचा आहे म्हणून नव्हे, तोंडाला लावायचं असूनही त्यावर मार्कच नव्हता म्हणून.

माल घेऊन झाल्यावर मालकांशी बोलले. मी म्हणलं काका, पहिला प्रश्न वयाचा विचारा आणि दुसरा लेकराला काय आवडतंय त्याचा. तर त्यांनी धंद्याची जी गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. म्हणले, "मॅडम, लाल सायकल घेतली तर दादाची झाल्यावर बहीण वापरती. निळी घेतली की बहिणीला नवीन गुलाबी घ्यावी लागती. आम्हाला दोन विकायला मिळतात." इतकं सरळ सांगितलं. म्हणजे आपल्याच खिशातून दोनदा पैसे जातात आणि वर लेकरं पण वेगळी पडतात. कॅलिफोर्नियात 2024 पासून कायदा लागू झालाय, 500 किंवा त्यापेक्षा जास्त नोकर असलेल्या मोठ्या दुकानांना लेकरांच्या सामानाचा एक भाग मुलगा-मुलगी असा भेद न करता मांडावाच लागतो. गोलाईतल्या तीन नोकरांच्या दुकानाला असला कायदा कोण लावणार, पण फळीवरचा माल इकडचा तिकडं करायला मालकाला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि त्यांनी थोडं केलं पण, हे मुद्दाम लिहिते. पुढं गेले तेव्हा दारातच एक मोठा टेबल मांडला होता, त्यावर वयानुसार चिठ्ठ्या लावून माल ठेवलेला, तीन ते पाच, सहा ते आठ असा, किचन सेटच्या शेजारी ट्रॅक्टर, पझलच्या शेजारी मण्यांची माळ. विक्री कमी झाली का विचारलं, म्हणले, "नाही, उलट टेबलावरचं आधी संपतंय, लेकरांच्या हाताला येतंय ना." मागच्या दोन भिंती अजून तशाच आहेत. काउंटरवरचं पोरगं अजून अधूनमधून जुना प्रश्न विचारतंय, पण मालक तिथं असले की त्याला टोकतात, "आधी वय विचार."

जाणार असाल तर गाडी गोलाईच्या आत घालू नका, 16 रस्ते एका ठिकाणी येतात आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसती, बाहेरच लावा आणि चालत या. सकाळी अकराच्या आत गेलात तर मालक स्वतः वेळ देतात, बसायला स्टूल देतात. लेकराला सोबत न्या आणि दहा मिनिटं मोकळं सोडा, काय उचलतंय ते बघा, आणि ते उचललेलं बजेटमध्ये असेल, मार्क असेल, तर तेच घ्या. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना घरूनच सांगून आणा की हसायचं नाही.

मालाला आणि भावाला पाचपैकी साडेचार. मांडणीला आत्ता तीन, मागच्या भिंती बदलल्या की वाढवीन. पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर असलेला लेकरांचा टूल सेट मागितलाय, लहान हातात बसतील असे दांडे पाहिजेत म्हणून सांगितलंय, दिवाळीच्या मालात आणतो म्हणलेत, आला की वापरून त्याचं पण लिहिते.